‘कसा आहे?’ या प्रश्नाचे मोल

सोमवारी सकाळी शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील टेबलांपाशी आणि वसतिगृहाच्या खाणावळीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कोणी तरी रविवारी चित्रपट पाहून आलेला असतो. दुसरा त्याला विचारतो, ‘कसा आहे?’ उत्तर बहुधा एका वाक्याचे असते. ‘मध्यंतरापर्यंत ठीक, पुढे उगाच ताणला आहे’, ‘मुलांना घेऊन जा, पण म्हाताऱ्यांना नेऊ नका’, ‘पैसे वसूल’, किंवा नुसताच मानेचा नकार. एवढ्यावर विषय संपतो आणि घंटा झाली म्हणून सारे आपापल्या कामाला लागतात. या बोलण्याला कोणी समीक्षा म्हणणार नाही. बोलणाऱ्याने चित्रपटकलेचा अभ्यास केलेला नसतो, ऐकणाऱ्याची तशी अपेक्षाही नसते. वेळ घालवण्याच्या गप्पा म्हणूनच या मतांची गणना होते.

तथापि, या गप्पांना एक आर्थिक कार्य आहे आणि ते क्षुल्लक नाही. बाजारात तांदूळ घेणारा गृहस्थ दाणे तळहातावर घेऊन पाहतो. कापड घेणारी गृहिणी पोत चाचपते. चित्रपटाच्या तिकिटाबाबत अशी सोय नाही. पैसे आधी मोजावे लागतात, माल नंतर पाहावयास मिळतो, आणि पाहून झाल्यावर तो परत करता येत नाही. ज्या वस्तूचा दर्जा उपभोगानंतरच कळतो अशा वस्तूंचा वेगळा वर्ग फिलिप नेल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिला. त्यांना ‘अनुभव-वस्तू’ म्हणता येईल. त्याच वर्षी जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखवले की, विकणाऱ्याला मालाची खोड ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा स्थितीत चांगला माल बाजारातून हुसकला जाण्याचा संभव असतो. या विचाराबद्दल पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

चित्रपटाच्या बाबतीत अडचण आणखी एका कारणाने वाढते. इतर बाजारांत किंमत ही दर्जाची काहीशी खूण असते. चित्रपटगृहात मात्र एकाच दिवशी, एकाच वेळेच्या उत्तम आणि टाकाऊ चित्रपटांचे तिकीट बहुधा सारख्याच दराचे असते. म्हणजे किंमत येथे मुकी आहे. किमतीने जे सांगावयाचे ते मग माणसांना सांगावे लागते. सोमवारच्या ‘कसा आहे?’ या प्रश्नाचे उत्तर हे त्या मुक्या किमतीचे तोंड आहे. चौघांच्या कुटुंबाची तिकिटे, जाण्यायेण्याचे भाडे आणि मध्यंतरातले खाणे यांवर होणारा खर्च कारकुनाच्या महिन्याच्या हिशेबात खुपण्याइतका असतो. त्याला एका वाक्यात मिळालेला सल्ला फुकट असला तरी निर्मूल्य नसतो.

तोंडी कीर्तीचा इतिहास

या तोंडी व्यवहाराने आपल्याकडे मोठी कामे केली आहेत. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. एवढा काळ चित्रपट केवळ भिंतीवरच्या जाहिरातींवर चालत नाही. पाहून गेलेला प्रेक्षक घरी, गावी आणि शेजारी जे सांगतो त्यावर तो चालतो. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा धंद्यातील जाणकारांनी आरंभीच त्याला अपयशी ठरवले होते. प्रेक्षकांनी तो निकाल फिरवला; मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसला. २००४ साली गाजलेल्या ‘श्वास’जवळ विकण्याजोगे मोठे नाव नव्हते. एक आजोबा, एक नातू आणि डोळ्यांचा आजार एवढ्याच भांडवलावर उभा असलेला तो चित्रपट ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळवणारा दुसरा मराठी चित्रपट ठरला, आणि पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगत तो गावोगाव नेला. अगदी अलीकडे, २०२३ साली, ‘बाईपण भारी देवा’ला बायकांचे घोळके लोटले. एकीने बहिणीला सांगावे, बहिणीने जावेला, जावेने कचेरीतल्या मैत्रिणीला, असा तो प्रवास होता.

हे सारे भाबडे कौतुक नव्हे, याला अभ्यासाचाही आधार आहे. एन्रिको मोरेत्ती या अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अमेरिकेतील चित्रपटांचा धंदा तपासला. पहिल्या शनिवार-रविवारी अपेक्षेहून अधिक गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांची गर्दी पुढील आठवड्यांत सावकाश ओसरते, अपेक्षाभंग करणाऱ्यांची झपाट्याने ओसरते, असे त्यांना आढळले. मात्र पहिल्या दिवसांतील गर्दी केवळ हवामानामुळे कमीजास्त झाली असेल तर असा परिणाम दिसत नाही. अर्थ उघड आहे. लोक नुसत्या गर्दीच्या आकड्याला भुलत नाहीत. चित्रपट पाहून आलेल्याच्या अनुभवातून ते काही शिकतात, आणि ते शिक्षण बोलण्यातून होते.

तीन दिवसांची मुदत

दुर्दैवाने, बोलणे पसरण्यास लागणारा वेळच आज आक्रसला आहे. पूर्वी चित्रपटाच्या मोजक्या प्रती निघत. पुण्यामुंबईत लागलेला चित्रपट जिल्ह्याच्या गावी काही महिन्यांनी आणि तालुक्याला त्याहून उशिरा पोहोचे. त्याच्या आधी त्याची कीर्ती वा अपकीर्ती पोहोचलेली असे. आता मोठा चित्रपट एकाच शुक्रवारी देशभर पडद्यांवर झळकतो. या घाईमागे हिशेब आहे. २००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात सुमारे दोन महिने संघर्ष चालला आणि नंतर उत्पन्नाच्या वाटणीचे सूत्र ठरले. त्यानुसार निर्माता-वितरक पक्षाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के असा उतरता वाटा मिळावयाचा होता. अशी उतरती वाटणी असली की पहिल्या आठवड्याचा प्रेक्षक हा निर्मात्याच्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर प्रेक्षक ठरतो. आणि हाच तो प्रेक्षक, ज्याला कोणी काही सांगितलेले नसते.

परिणामी जाहिरातीचा सारा भडिमार पहिल्या तीन दिवसांवर केंद्रित होतो. ज्याच्या गाठीला जाहिरातीचा पैसा आहे त्याला ही व्यवस्था मानवते. छोट्या मराठी चित्रपटाचे मात्र तिने दिवाळे काढले आहे. त्याची भिस्त तोंडी कीर्तीवर. ती कीर्ती सोमवारी सुरू होऊन बुधवारी चार घरी पोहोचते. आणि गुरुवारनंतर त्याचा खेळ एक तर काढलेला असतो किंवा सकाळच्या अशा वेळी टाकलेला असतो की नोकरदाराला जाणे अशक्य व्हावे. मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळी पडदा मिळावा म्हणून महाराष्ट्र शासनाला २०१५ साली धोरण जाहीर करावे लागले, यातच त्या दुखण्याची कबुली आहे. पण वेळेइतकाच मुदतीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसरा आठवडा न मिळालेला चांगला चित्रपट म्हणजे साक्षीदार येण्यापूर्वीच निकालात काढलेला खटला होय.

मौनाची मागणी

या पार्श्वभूमीवर गेल्या काही वर्षांत पुढे आलेली एक मागणी तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रदर्शनानंतरचे पहिले काही दिवस चित्रपटावर जाहीर मत देण्यास मनाई असावी, असे काही निर्मात्यांचे म्हणणे आहे. २०२३ साली केरळ उच्च न्यायालयापुढे, हेतुपुरस्सर वाईट परीक्षणे पसरवून चित्रपट पाडले जातात, अशी तक्रार आली. मार्च २०२४ मध्ये न्यायमित्राने सादर केलेल्या अहवालात पहिले ४८ तास परीक्षणकर्त्यांनी थांबावे, अशी सूचना करण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिल्या तीन दिवसांसाठी परीक्षणबंदी मागितली. न्यायालयाने मतस्वातंत्र्याचा दाखला देऊन अंतरिम मनाई नाकारली.

निर्मात्यांची तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता येणार नाही. पैसे घेऊन स्तुती करणारे असतात, तसे पैसे न मिळाल्यामुळे निंदा करणारेही असतात. चित्रपट न पाहताच त्यातील नटाच्या जातीवरून, धर्मावरून वा राजकीय मतांवरून त्याचा निकाल लावणारे तर उदंड आहेत. कित्येकांची अनेक वर्षांची मेहनत आणि कर्जाऊ पैसा अशा एका खोट्या शब्दाने बुडू शकतो. पण खंडणी मागणे, बदनामी करणे, फसवणूक करणे यांसाठी कायद्यात उपाय आहेतच. पहिले दोन-तीन दिवस सर्वांचेच तोंड बंद करण्याने शिक्षा होते ती प्रामाणिक माणसाला. शिवाय त्या काळात जाहिराती काही मौन पाळणार नाहीत. जाहिरात हेही एक मतच आहे. फरक इतकाच की, ते विकणाऱ्याचे मत आहे. ज्या दिवसांत निर्मात्याचा फायदा सर्वाधिक आणि प्रेक्षकाचे ज्ञान सर्वांत कमी, नेमक्या त्या दिवसांत फक्त विकणाऱ्यानेच बोलावे, अशी व्यवस्था न्याय्य कशी म्हणावी? भाजीवाल्याने टोपली झाकून ठेवावी आणि घरी जाईपर्यंत गिऱ्हाइकांनी एकमेकांशी बोलू नये, असा नियम कोणत्या मंडईत चालेल?

शिवाय अशा मौनाचा लाभ छोट्या चित्रपटाला होईल हा समजही भ्रामक आहे. ज्याच्यापाशी जाहिरात नाही त्याच्यापाशी लोकांच्या बोलण्यावाचून दुसरे काय आहे? पहिले तीन दिवस बोलणे थांबले तर त्याच्या आयुष्याचे अर्धे दिवस मुक्याने जातील.

पाहिले तेवढेच सांगावे

तथापि, स्वातंत्र्याचा हक्क सांगितला की जबाबदारीही पदरी येते. मुंबईत जन्मलेले आणि २०१९ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ साली कळपवृत्तीवर एक निबंध लिहिला. त्यातील दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. शेजारी शेजारी दोन उपाहारगृहे आहेत. पहिल्याविषयी सर्वसाधारण समज किंचित बरा आहे. शंभर जणांपैकी नव्याण्णवांना मात्र दुसरे चांगले असल्याची स्वतंत्र खबर आहे आणि केवळ एकाला पहिले चांगले असल्याची. तो एकच गृहस्थ जर सर्वांच्या आधी आला आणि पहिल्यात शिरला, तर त्याच्या मागचा, त्याला काही तरी ठाऊक असेल असे समजून, स्वतःची खबर बाजूस ठेवतो आणि त्याच्या पाठोपाठ आत जातो. पुढचेही तेच करतात. शेवटी शंभरही माणसे सामान्य दर्जाच्या जागी जेवतात, आणि नव्याण्णवांपाशी असलेले खरे ज्ञान कोणाच्याच उपयोगी पडत नाही. यात मूर्ख कोणी नाही. प्रत्येकाने शहाणपणानेच वागण्याचा प्रयत्न केला. चूक इतकीच झाली की, त्यांनी आपल्याजवळची माहिती एकमेकांना सांगितली नाही, केवळ एकमेकांच्या पाठी पाहिल्या.

चित्रपटाविषयी बोलणाऱ्याने या दृष्टान्तातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ‘सगळे म्हणतात भिकार आहे’ या वाक्यात नवी माहिती शून्य असते. ते केवळ कळपाचा आकार वाढवते. ‘शेवटचा अर्धा तास पटला नाही, परंतु आईची भूमिका करणारीचे काम पाहण्यासारखे आहे’ या वाक्यात एका माणसाच्या अनुभवाची भर असते. पहिले ऐकून मनुष्य फक्त माघारी फिरतो. दुसरे ऐकून तो स्वतः ठरवू शकतो. एखाद्याला संथ चित्रपट आवडतो, एखाद्याला नाही. म्हणून ‘वाईट आहे’ एवढे न सांगता ‘संथ आहे’ असे सांगणे हे ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा मान राखणे आहे. अर्धा पाहिला असेल तर अर्धाच पाहिला असे सांगावे. पाहिलाच नसेल तर गप्प बसावे. शेवट उघड करू नये, कारण दुसऱ्याने त्यासाठीच पैसे मोजलेले असतात.

चार माणसे बसली असता पहिला जे बोलेल त्याचीच री ओढण्याची सवय शिक्षकांच्या खोलीत जितकी आढळते तितकीच वर्गातही आढळते. गाजलेला चित्रपट आवडला नाही असे म्हणण्यास, किंवा पडलेला चित्रपट आवडला असे म्हणण्यास, थोडेसे धाडस लागते. विद्यार्थ्याने ते धाडस एका चित्रपटाबाबत केले तर उद्या पुस्तकाबाबत, उमेदवाराबाबत, सरकारी योजनेबाबतही तो करू शकेल. मत देणे ही सवयीची गोष्ट आहे, आणि चित्रपट हे त्या सवयीचे सर्वांत स्वस्त आणि निरुपद्रवी विद्यालय आहे. तेथे चूक झाली तर एका संध्याकाळचे नुकसान होते. इतरत्र चूक झाली तर पाच वर्षांचे होते.

तेव्हा सोमवारी सकाळी कोणी ‘कसा आहे?’ असे विचारले तर तो रिकामटेकडा प्रश्न समजू नये. विचारणारा आपल्या कष्टाच्या पैशाविषयी विचारत असतो, आणि नकळत सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विश्वासही टाकत असतो. त्या विश्वासाला साजेसे, पाहिले तेवढेच आणि वाटले तेवढेच उत्तर देण्यास कोणाच्या परवानगीची गरज असू नये.