पितळी आगगाडी : झळाळी की रंग?

पितळ हा मराठी घराला परिचित असलेला धातू आहे. समई, तांब्या, घंगाळ यांची झळाळी हे घराच्या निगराणीचे लक्षण मानले जाते. त्यामुळे आगगाडीची छोटी पितळी प्रतिकृती हाती आली, की तीही घासून लख्ख करावी, असेच प्रथम मनात येते. तिच्यावर रंग चढवणे म्हणजे कारागिराचे कसब झाकणे, असे अनेक संग्राहकांना वाटते. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे.

समई ओतीव आणि जाड असते. प्रतिकृतीवरील रिव्हेट मात्र टाचणीच्या टोकाएवढे असतात. पितळ घासताना धातूचा अतिसूक्ष्म थर निघून जातो. त्यात हवेचीही भर पडते. चेन्नईच्या दक्षिणेस, बंगालच्या उपसागराच्या काठी कोवलम हे गाव आहे. अशा ठिकाणच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते आणि त्यावर हिरवट कळंक चढतो. म्हणजे पुन्हा पुन्हा घासणे आले. अखेरीस झळाळी उरते. पण कडा, रिव्हेट आणि कोरलेले अंक पुसट होतात.

जुन्या स्वयंपाकघराने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच शोधले होते. पितळी भांड्याला आतून कथलाची कल्हई केली जाई. 'पितळ उघडे पडणे' या वाक्प्रचारात झाकणे म्हणजे फसवणे असा अर्थ असला, तरी कल्हईने कोणाची फसवणूक होत नसे. अन्न कळकण्यापासून वाचत असे. प्रतिकृतीवरील रंगाचेही तसेच आहे.

शिवाय रंग हा गाडीच्या ओळखीचा भाग असतो. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर 'डेक्कन क्वीन' सुरू झाली. तिच्या एका गाडीचे डबे रुपेरी असून त्यांवर लाल रेषा होत्या. दुसरीचे डबे गडद निळे असून त्यांवर सोनेरी रेषा होत्या. कोऱ्या पितळेतील तिची प्रतिकृती आकार दाखवील, 'डेक्कन क्वीन' दाखवणार नाही.

म्हणून प्रतिकृती रंगवणेच अधिक योग्य. आधी तेलकटपणा काढावा, मग धातूला धरून राहणारे अस्तर द्यावे आणि रंगाचे पातळ हात द्यावेत. जाड थराने बारकावे बुजतात. वाफेच्या इंजिनावरील घुमट, शिट्टी असे भाग मूळ इंजिनातच पितळेचे असतील, तर ते उघडे ठेवून त्यांवर पारदर्शक वार्निश द्यावे. जुन्या, दुर्मीळ प्रतिकृतीचे मूळ रूप टिकून असेल, तर मात्र तिला हात न लावणेच श्रेयस्कर.

बिघडलेला रंग काढून पुन्हा देता येतो. झिजलेला रिव्हेट परत येत नाही. जुनी वस्तू सांभाळणाऱ्याने कोणताही निर्णय घेताना हा फरक आधी ध्यानात घ्यावा.