शोभेची पेटी नको!

आपल्याकडे एखादा शब्द बदनाम करावयाचा असला, तर त्याला मिरवणुकीत नेऊन सोडावे. 'डीजे' या शब्दाचे असेच झाले. महाराष्ट्रात डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत, खिडक्यांच्या काचांना बसणारे हादरे आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला संताप. त्या भिंतीमागे कोणी माणूस असतो, त्याला दोन हात असतात आणि त्या हातांनी काही वाजविता येते, ही कल्पनाच आपल्या मनाला शिवत नाही. म्हणून घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीने दिवाळीला टर्नटेबल मागितले, आणि तेही 'स्क्रॅच करायला', की घरात तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, 'असली थेरे आपल्या घरात नकोत.' दुसरा पक्ष हौशी असतो. तो बाजारात जातो आणि सुटकेसच्या आकाराचा, पितळी कोपऱ्यांचा, फिक्या निळ्या रंगाचा एक देखणा रेकॉर्ड-प्लेअर घेऊन येतो. माझे भांडण पहिल्या पक्षाशी थोडे आणि दुसऱ्याशी फार आहे.

पहिला पक्ष निदान सरळ 'नाही' म्हणतो. दुसरा 'हो' म्हणून मुलीच्या हातात असे यंत्र देतो, की ज्यावर ती गोष्ट होऊच शकत नाही. बिचारी महिनाभर धडपडते, सुई उड्या मारते, ताल जागेवर पडत नाही. दिवाळीत आणलेली पेटी संक्रांतीला कपाटावर जाऊन बसते, आणि 'हिला कशातच चिकाटी नाही' असा शेरा मुलीच्या नावावर कायमचा चिकटतो. फुटक्या तबल्यावर मुलाला बसवून 'याच्या हातात ताल नाही' म्हणणाऱ्या बापाला आपण काय म्हणू? तेच मला या हौशी मंडळींना म्हणावयाचे आहे.

पण आधी पहिल्या पक्षाचा हिशेब चुकता करू. ही कला कोठून आली, हे त्यांनी ऐकून तरी घ्यावे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कँपबेल या मुलीने एक नाचगाण्याचा जलसा ठेवला. हेतू अगदी घरगुती होता. शाळा सुरू व्हावयाची होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. तबकड्या लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. हा जमैकाहून आलेला, पुढे कूल हर्क म्हणून जगाला ठाऊक झालेला तरुण. गाणारा थांबून नुसता ताल वाजू लागला की नाचणाऱ्यांच्या अंगात येते, हे त्याने हेरले; आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तालाचा तुकडाच लांबवीत नेण्याची युक्ती काढली. त्याच वस्तीतला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, हा धंदेशिक्षणाच्या शाळेत विजेची कामे शिकलेला. त्याने तबकडीवर खडूच्या खुणा करून आपला तुकडा नेमका कोठे सुरू होतो ते पक्के केले, आणि तबकडी हाताखाली सहज सरकावी म्हणून तिच्याखाली फेल्ट कापडाची, खळ देऊन इस्त्री केलेली चकती घातली. त्याची आई शिवणकाम करीत असे. कापडाची जाण घरचीच!

आणि स्क्रॅच? ती तर सर्वस्वी एका आईची कृपा. थिओडोर लिव्हिंगस्टन नावाचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा १९७५ च्या सुमारास आपल्या खोलीत तबकड्या वाजवीत बसला होता. आवाज फार झाला म्हणून आई दारात येऊन रागावू लागली. तिचे बोलणे ऐकायला त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली. धरता धरता हात मागेपुढे हलला आणि 'झिक् झिक्' असा काहीतरी नवाच आवाज निघाला. हकीकत त्याचीच आहे. पोराला तो आवाज आवडला, आणि पुढे कित्येक महिने त्याने त्याचाच रियाज केला. आईच्या रागावण्यातून एखादी वादनकला जन्मल्याचे दुसरे उदाहरण निदान मला ठाऊक नाही. पुढे १९८३ साली हर्बी हँकॉकसारख्या थोर जाझ पियानोवादकाने आपल्या 'रॉकिट' या रचनेत ह्याच घासलेल्या तबकडीला मानाचे पान दिले.

'पण ते वाद्य कसले? ते तर दुसऱ्याचे गाणे वाजविण्याचे यंत्र!' असे कोणी म्हणेल. त्यांनी कृपा करून आपल्या देवघराशेजारच्या पेटीकडे पाहावे. हार्मोनियम फ्रान्सातून आली. पायाने भाता हलवावयाचे ते धूड कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात हाताने भाता हलविण्याजोगे, उचलून नेण्याजोगे केले, आणि मग ती कीर्तनात, तमाशात, भजनी मंडळात शिरली. तरी ऑल इंडिया रेडिओने तिला १९४० साली बंदी केली, ती १९७१ पर्यंत! ज्या पेटीवाचून मराठी नाट्यसंगीताचे पान हालत नव्हते, ती तीस वर्षे शहाण्या माणसांच्या लेखी वाद्यच नव्हती. म्हणून वाद्य कोणते आणि यंत्र कोणते, हे ठरविण्याची घाई आपण तरी करू नये. आणि ध्यानात घ्या, पेटी घरोघर गेली ती लहान झाली तेव्हा.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो.

स्क्रॅच करताना एक हात तबकडीवर असतो आणि दुसरा हात फेडरवर. फेडर म्हणजे आवाज झटक्यात तोडणारी आणि जोडणारी एक लहानशी सरकती खुंटी. तबकडीवरचा हात स्वर ओढतो, फेडरवरचा हात त्याचे बोल कापतो. हात पुढे गेला की आवाज उघडा, मागे येताना बंद. किंवा एकाच ओढीत तीनदा उघडा, तीनदा बंद. सारी गंमत या दोन हातांच्या भांडणात आणि समेटात आहे. तबला आणि डग्गा यांच्यासारखेच हे आहे. आता त्या निळ्या सुटकेसकडे पाहा. तिला फेडरच नाही! म्हणजे डग्गा दुकानात ठेवून तुम्ही नुसता तबला घरी आणलात. आवाज कमीजास्त करण्याचे बटण आहे की, असे दुकानदार म्हणतो. एका दुकानदाराने तर मला ते बटण फिरवून दाखविले आणि वर 'हेच ते' म्हणून सांगितले. त्या बटणावर बोल कापावयाचे म्हणजे नळाची चावी पिळून जलतरंग वाजविण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, तबकडी ज्यावर बसते त्या फिरत्या ताटाची. हाताने तबकडी धरली की तबकडी थांबली पाहिजे, पण तिच्याखाली ताट मात्र फिरतच राहिले पाहिजे. हात सोडताच तबकडीने क्षणात वेग धरला पाहिजे. यासाठीच मध्ये ती फेल्टची चकती. शोभेच्या पेटीत ताट तबकडीहून लहान, वर रबर चिकटविलेले आणि मोटार अगदीच दुबळी. हात लावला की सगळेच ठप्प, आणि सोडल्यावर आवाज घोगरा होत होत उठतो. त्यातून कित्येक पेट्यांत सुई आतल्या कडेशी गेली की मोटार आपोआप थांबण्याची सोय असते. ऐकणाऱ्याला ती सोय. वाजविणाऱ्याला भर रियाजात पाठीत बसलेला धपाटा. ती बंद करता येत नसेल तर पेटी परत करावी. सुईचा भार हा तिसरा मुद्दा. हलकी सुई उडते, जड सुई तबकडीची खोबण नांगरते. म्हणून भार नेमका हवा, आणि झिजलेली सुई बदलून मिळाली पाहिजे.

स्क्रॅचसाठीच केलेली लहान यंत्रे आज बाजारात आहेत, मग ही शोभा कशाला? न्यूमार्कच्या पीटी०१ स्क्रॅच या यंत्राला फेडर अंगचाच आहे. रीलूपच्या स्पिनलाही आहे, शिवाय त्यात आपलेच वादन ध्वनिमुद्रित करून ऐकता येते. जपानच्या व्हेस्टॅक्स कंपनीचे हँडी ट्रॅक्स एके काळी या जातीतले नावाजलेले यंत्र. ती कंपनी २०१४ साली बुडाली, आणि हँडीट्रॅक्स हे नाव आता कोर्गने पुन्हा उचलले आहे. यांतले कोणते घ्यावे, यावर पोरे तासन् तास वाद घालतात. मी त्या वादात पडत नाही. मी एवढेच म्हणेन की, यंत्र न्यावयाला मुलीलाच बरोबर न्यावे आणि दुकानात तिला त्यावर दहा मिनिटे हात ठेवू द्यावा. फेडर कोणत्या हाताला येतो, तो सैल सरकतो की अडतो, पहिल्याच टोकाला आवाज उघडतो की अर्ध्या वाटेवर, हे वडिलांच्या डोळ्यांना कळावयाचे नाही. आणि फेडर खराब झाल्यास बदलता येतो का, हे मात्र वडिलांनी विचारावे; कारण या वाद्यात सर्वांत आधी झिजतो तो तोच.

येथपर्यंत मी पोर्टेबल यंत्राची वकिली केली. पण खोक्यावर छापलेल्या 'मिक्सिंग' या शब्दाची वकिली मी करणार नाही. तो शब्द तेथे छापणे ही शुद्ध लबाडी आहे. मिक्सिंग म्हणजे एक गाणे संपण्याआधी दुसरे त्याच तालात बेमालूम मिसळणे. त्याला पहिल्याने दोन यंत्रे लागतात, हे तर उघड आहे. पण दोन घेतली तरी काय? समजा, दोन्ही गाणी मिनिटाला शंभर ठोक्यांची आहेत आणि एक यंत्र शेकडा अवघे एकने जलद फिरते आहे. अर्ध्या मिनिटात दोन्ही ताल अर्ध्या ठोक्याने एकमेकांवर चढतात, म्हणजे बरोबर चुकीच्या जागी येतात. मिनिटभरात पुरा एक ठोका सरकतो. बॅटरीवर चालणारी, रबरी पट्ट्याने ताट फिरविणारी हलकी यंत्रे एवढा नेम धरू शकत नाहीत. बोट लागले तरी त्यांची चाल बदलते. मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या छापाखाली १९७२ साली एसएल-१२०० हे यंत्र काढले, ते खरे तर घरात बसून ऐकणाऱ्यांसाठी. पण त्याची मोटार थेट ताटालाच फिरविणारी, म्हणून १९७९ सालच्या सुधारित आवृत्तीपासून पुढे तीस वर्षे जगभरच्या डीजेंनी तेच यंत्र डोक्यावर घेतले. ते २०१० साली बंद पडले आणि २०१६ साली मागणीमुळे परत आले. पण अशा एका यंत्राचे वजन दहा-अकरा किलो. ते काखोटीला मारून कोणी गच्चीवर जात नाही. तेव्हा मुलीला मिक्सिंगच शिकावयाचे असेल, तर तिला छोटे यंत्र देऊ नका. संगणकाला जोडावयाचा साधा कंट्रोलर द्या. तबकडीच्या भक्तांना हे वाक्य आवडणार नाही. न आवडो. पण स्क्रॅच शिकावयाची असेल, तर छोटे यंत्र हा गरिबाचा नाइलाज नव्हे. जपानपासून अमेरिकेपर्यंत मुरलेले हात ते मुद्दाम मांडीवर घेऊन, सात इंची तबकड्यांवर वाजवितात.

राहता राहिले तबकड्यांच्या शुचितेचे रक्षक. 'तबकडी घासली की नासली' हा त्यांचा आक्रोश खोटा नाही. घासलेली तबकडी झिजतेच. पण तबल्याची पुडीही झिजते, म्हणून तबला काचेच्या कपाटात कोणी ठेवीत नाही. स्क्रॅचसाठी वेगळ्या तबकड्या मिळतात, आणि त्यांतली एक करामत सांगण्याजोगी आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. आवाज बरोबर तेवढ्याच अंतराने पुन्हापुन्हा भरला, तर शेजारशेजारच्या खोबणीत एकाच जागी एकच आवाज येतो. मग सुई उडून पलीकडे पडली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही! शिकाऊ हाताला याहून मोठा आधार नाही. आजोबांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र हात लावू देऊ नये. त्यांची खोबण रुंद असते, त्यांना सुईही वेगळी लागते, आणि एकदा गेल्या की त्या पुन्हा छापून येत नाहीत. येथे मी रक्षकांच्या बाजूचा आहे.

तेव्हा पितळी कोपऱ्यांचे पैसे वाचवा आणि त्यातून अशी एक तबकडी, एक जादा सुई आणि कानाला लावावयाचा बरा हेडफोन आणा. पहिले काही आठवडे एकच एक आवाज पुढे-मागे, पुढे-मागे ऐकू येईल. ते सा लावणेच आहे, 'गाणे कधी लावणार?' असे आत्याबाईंनी विचारू नये. आणि यंत्र अमेरिकेहून किंवा जपानहून आतेभावाबरोबर मागवीत असाल, तर त्याला आधी अडॅप्टरवरची अक्षरे वाचावयास सांगा. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. नुसत्या १०० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या भिंतीत खोचला, तर लक्ष्मीपूजनाच्या आधीच धूर निघेल.