काय उजेड पाडलात!

मराठी भाषेला उजेड पाडणाऱ्यांबद्दल पूर्वापार संशय आहे. ‘काय उजेड पाडलास!’ हे वाक्य कौतुकाने उच्चारल्याचे निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही. जे भाषेला कळते ते नगरपालिका, बिल्डर आणि हाउसिंग सोसायट्यांचे सेक्रेटरी यांना कळत नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे. मी अंधाराचा वकील आहे. फी घेत नाही, कारण अशील नादार आहे.

मला अंधुक दीर्घिकांचे फोटो काढण्याचा नाद आहे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे दुसरे संसार. एकेका संसारात अब्जावधी तारे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सिंह राशीत अशा तीन दीर्घिका शेजारी शेजारी नांदताना सापडतात. (हे सांगितले की समोरचा हमखास म्हणतो, “अरे वा, आमच्या हिची पण सिंहच!”) दोघींना मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाच्या यादीत ६५ आणि ६६ हे क्रमांक आहेत. तिसरी इतकी अंधुक की ती त्या यादीत आलीच नाही. विल्यम हर्शेलने ती १७८४ साली शोधली. एनजीसी ३६२८ हे तिचे सरकारी नाव. ती आपल्याला कडेने दिसते आणि तिच्या मधोमध धुळीचा एक काळा पट्टा आहे. साहेबाने तिला ‘हॅम्बर्गर’ म्हटले. मला ती चटणी लावलेला वडापाव वाटते. अंतर साधारण साडेतीन कोटी प्रकाशवर्षे.

हा वडापाव कॅमेऱ्यात पकडायचा म्हणजे क्लिक केले आणि झाले असे नसते. ध्रुवताऱ्याच्या दिशेने आस लावलेल्या एका बैठकीवर दुर्बीण आणि कॅमेरा बसवायचा. पृथ्वी फिरते म्हणून ती बैठक त्याच गतीने उलटी फिरत राहते. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे बहुतेक वेळा समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. मग तीन-तीन मिनिटांचे ऐंशी फोटो काढायचे आणि संगणकात ते एकावर एक रचायचे. हिशेब सावकारी आहे: फोटोतली खरखर निम्मी करायची तर फोटो चौपट लागतात. शेवटी कॅमेऱ्याची स्वतःची खरखर वजा करता यावी म्हणून दुर्बिणीला टोपण लावून आणखी वीस फोटो घ्यायचे. टोपण लावून फोटो काढणारा माणूस पाहिल्यापासून शेजारच्या काकू माझ्या घरच्यांशी जरा जास्तच मायेने बोलतात. पण खरे सांगू? आमच्या गच्चीवरून अंधार म्हणण्यासारखा अंधार फक्त त्या वीस फोटोंतच येतो.

कारण आमच्या सोसायटीने गेटवर चार फ्लडलाइट बसवले आहेत. ते असे तिरपे बसवले आहेत की त्यांचा उजेड सातव्या मजल्यावरच्या बेडरूमवर, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनांवर आणि उरलेला सगळा आकाशात पडतो. खांबाच्या बुडाशी, जिथे स्कूटरी लावतात, तिथे मात्र मोबाइलची बॅटरी लावून किल्लीचे भोक शोधावे लागते. दिव्याखाली अंधार ही म्हण पणतीसाठी होती. पणतीचा नाइलाज होता, तिला बूड असते. विजेच्या दिव्याला कसली अडचण?

सेक्रेटरींना हे सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “अहो, चोर येतात.”

“कुठून?”

“म्हणजे?”

“आकाशातून उतरतात का?”

त्यावर ते म्हणाले, “तुम्ही मीटिंगमध्ये मांडा.” मी मांडले. विषय ‘इतर’मध्ये गेला, आणि ‘इतर’ येईपर्यंत चहा आला. पण मुद्दा साधा आहे. डोळ्यांत घुसणाऱ्या दिव्याने चोर दिसत नाही. दिव्यामागचे सगळेच दिसेनासे होते. आमचा वॉचमन रात्रभर कपाळावर हात धरून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटते बिचारा नशिबाला दोष देतोय.

“मग फिल्टर लावा की!” हा सल्ला जरा शिकलेली मंडळी देतात. चमकणाऱ्या वायूचे जे तेजोमेघ असतात ते ठराविक रंगांतच प्रकाशतात, तिथे फिल्टर कामाला येतो. दीर्घिकेचा प्रकाश हा ताऱ्यांचा प्रकाश, त्यात सगळे रंग. आमच्या पांढऱ्या एलईडीतही जवळजवळ सगळेच. एकाला अडवावे तर दुसराही अडतो. दुधातले पाणी वेगळे काढणारा राजहंस संस्कृत काव्यात मिळतो, कॅमेऱ्याच्या दुकानात नाही. शहराचे आकाश भोरच्या पुढच्या एखाद्या वाडीपेक्षा सहज सोळापट उजळ असते. म्हणजे वाडीत एका रात्रीत जे साधते त्याला आमच्या गच्चीवर सोळा रात्री हव्यात. त्यातले चार महिने पावसाने आधीच नेलेले.

आमच्या मेहुण्यांचा आक्षेप निराळा. “एवढा खटाटोप कशाला? हबलचे फोटो नेटवर फुकट मिळतात.” मिळतात, आणि सुंदर असतात. पण लताबाईंच्या रेकॉर्डी घरात आहेत म्हणून स्वयंपाक करताना कोणी गुणगुणायचेच नाही का? शिवाय या प्रांतात हौशी माणूस अगदीच लिंबूटिंबू नाही. देवयानी दीर्घिकेचे सर्पिल रूप १८८८ साली फोटोत टिपणारा आयझॅक रॉबर्ट्स हा धंद्याने बिल्डर होता. होय, बिल्डर! आणि त्याच देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनची एक भली मोठी, अतिशय फिकी कमान आहे, हे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले, तेही हौशी मंडळींच्या फोटोंमुळे. इतक्या वेळा फोटो निघालेली दीर्घिका, आणि तरी ती कमान कोणाच्या लक्षात आली नव्हती. हबलकडे सगळे आहे, पण एकाच जागेकडे रात्रीमागून रात्री टक लावून बसण्याइतका रिकामा वेळ नाही. तो आमच्याकडे आहे. नाही तो अंधार.

अंधाराने काय होते याचा पुरावा हवा असेल तर वॉल्टर बाडेचा घ्या. दुसऱ्या महायुद्धात हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंद झाले आणि वरच्या माउंट विल्सनवर शंभर इंची दुर्बिणीपाशी बसलेल्या या जर्मन ज्योतिर्विदाने देवयानीच्या गाभ्यातले तारे प्रथमच सुटे सुटे करून दाखवले. १९४४ साली ते प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळे कागद लावलेले जुन्या मंडळींना आठवत असतील. तारे दिसायला दरवेळी युद्धच करावे लागते, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता हिशेब बघा. त्या वडापावातला प्रकाश निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर यायला अजून कोट्यवधी वर्षे होती. साडेतीन कोटी वर्षे तो बिचारा कोणाशी न भांडता चालत आला. हवेचा शेवटचा शंभर किलोमीटरचा टप्पा त्याला सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात ओलांडायचा असतो. नेमका तिथे तो आमच्या चार फ्लडलाइटांच्या उजेडात बुडतो. वर हा उजेड फुकट नाही. सातव्या मजल्यावरचे लोक पडदे लावून तो बाहेर ठेवतात आणि मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे भरतात.

बरे, उपाय अवघड आहे म्हणावे तर तसेही नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, भारतात पहिलीच. त्यासाठी आसपासच्या गावांनी दिवे काढून टाकले नाहीत, त्यांची तोंडे जमिनीकडे केली. गावाला उजेड मिळाला आणि आकाश आकाशाला. वाघांच्या शेजाऱ्यांना त्या उजेडात भीती वाटत नाही आणि आम्हाला गेटावर चार सूर्य लागतात!

तेव्हा दिवे बंद करा असे माझे म्हणणे नाही. रंग जरा पिवळट ठेवा, बारानंतर निम्मे विझवा, तोंड खाली करा आणि वर पत्र्याची एक टोपी बसवा. टोप्या घालण्याचा सराव आपल्या सर्वांनाच आहे. आजवर एकमेकांना घालत आलो, एकदा दिव्याला घालून बघा.