दस्तुरी नाक्यावरील मनाई

सार्वजनिक भूमीवर मोटारीस मज्जाव करणे म्हणजे जनतेच्या हक्कावर घाला घालणे होय, असा पक्ष अलीकडे मोठ्या हिरीरीने मांडला जातो. आणि माथेरानचा विषय निघाला, की त्या पक्षाला विशेष जोर चढतो. नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटरचे अंतर पायी, घोड्यावर, रिक्षेने अथवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीने काटावे लागते. ही मनाई आता कालबाह्य झाली, ती उठवावी, असे म्हणणाऱ्यांत केवळ सुखलोलुप प्रवासीच आहेत असे नाही. वृद्धांची आणि रुग्णांची खरी कळकळ असलेली माणसेही त्यांत आहेत. तेव्हा त्यांचा पूर्वपक्ष झिडकारून न टाकता तो कसोटीस लावून पाहणे अवश्य आहे.

डोंगर सरकारचा, सरकार लोकांचे, सबब डोंगरावर मोटार नेणे हा लोकांचा हक्क, अशी त्यांची पहिली अनुमानपरंपरा आहे. परंतु जी मिळकत सर्वांची, तिचा उपभोग प्रत्येकाने इतरांचा उपभोग शाबूत राहील अशाच रीतीने घ्यावयाचा असतो. शंभर माणसे एका वाटेने चालली तरी एकशे एकाव्या माणसाची वाट बंद होत नाही. परंतु एक मोटार आली, की त्या शंभर जणांना मुलाबाळांसह कडेला अंग चोरून उभे राहावे लागते. ज्या वापराने इतर सर्वांचा वापर संकोचतो त्याला हक्क म्हणणे चुकीचे आहे. तो कब्जा होय. बियास नदीकाठच्या वनभूमीसंबंधीच्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निःसंदिग्धपणे सांगितले, की अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. आणि विश्वस्ताला सर्वांची ठेव थोडक्यांच्या सोयीसाठी मोडता येत नाही.

ही बंदी साहेबी अमदानीचा अवशेष आहे, हा आक्षेप तर इतिहासापुढे टिकतच नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली या डोंगरावर आले आणि पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथे बंगले बांधले, हे खरे; परंतु आज जी मनाई अमलात आहे तिचा भक्कम आधार म्हणजे 4 फेब्रुवारी 2003 ची केंद्र सरकारची अधिसूचना. तिने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला आणि गावाच्या हद्दीत रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांखेरीज अन्य वाहनांस मुभा ठेवली नाही. हा स्वतंत्र भारताच्या सरकारने विचारपूर्वक काढलेला हुकूम आहे.

मोटारीने डोंगराचे बिघडते तरी काय, असे पुष्कळदा विचारले जाते. ज्याला हे पाहावयाचे असेल त्याने जुलै महिन्यात पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर माथेरानच्या एखाद्या तांबड्या वाटेवर ओणवे होऊन पाहावे. खाली जांभा, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो थर धरून ठेवणारी अंजनी-जांभळीची उघडी मुळे. पावलांनी मळलेल्या वाटेवर पाणी पसरून वाहते, पाचोळ्यात अडते, मुरते. परंतु जड चाक एकाच रेषेत पुनःपुन्हा फिरले, की तेथील माती दबून घट्ट होते, पाणी तिच्यात शिरेनासे होते आणि चाकोरीचाच ओहोळ बनतो. तो ओहोळ पहिल्या पावसाळ्यात बोटभर, पुढे वीतभर खोल जातो. मुळांखालची माती निसटते आणि शेवटी डोंगरउतारावरचे झाडच कलते. यावर उपाय म्हणून रस्ता पक्का करावा, तर पाणी मुरण्याचे उरलेसुरले मार्गही बुजतात आणि तेच पाणी दुप्पट वेगाने कड्याकडे धावते. शिवाय रस्ता रुंद करावयाचा म्हणजे दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या आल्या. आणि शेकरूचा सारा संसार या झाडावरून त्या झाडावर जाण्यावर अवलंबून असतो. हे नुकसान एका मोटारीने होत नाही हे मान्य. परंतु एकीला परवाना दिल्यावर दुसरीला नाकारण्यास कोणते कारण उरते?

आता त्यांचा सर्वांत सबळ मुद्दा घेऊ. वृद्धांनी काय करावे? अपंगांनी, अडलेल्या गर्भिणीने, दप्तराचे ओझे घेऊन पावसातून शाळेला जाणाऱ्या मुलांनी काय करावे? हा प्रश्न खरा आहे, आणि मनाईच्या समर्थकांनी त्याकडे फार काळ डोळेझाक केली हेही खरे आहे. माणसाने माणसाला बसवून चढावर ओढीत न्यावे, ही हातरिक्षेची वहिवाट स्वतंत्र देशात इतकी वर्षे चालू राहिली, याची आपणा सर्वांना लाज वाटली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली विद्युत रिक्षांच्या प्रायोगिक वापरास अनुमती दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करून त्या ओढणाऱ्यांनाच विद्युत रिक्षा द्याव्यात असा आदेश दिला, तो मी मनापासून स्वागतार्ह मानतो. परंतु या निर्णयातून मोटारवाद्यांना हवा तो निष्कर्ष निघत नाही. ज्याने आयुष्यभर गाडी ओढली त्याच्या हाती मोजक्या संख्येने, ठरलेल्या मार्गावर चालणारे सौम्य वाहन देणे ही एक गोष्ट. आणि मुंबईहून आलेल्या प्रत्येक खासगी मोटारीला हॉटेलच्या दारापर्यंत सोडणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट. दुर्बलाची गरज पुढे करून सबलाची सोय साधावयाची, ही युक्तिवादाची रीत मला अत्यंत अन्यायाची वाटते.

किंबहुना वृद्धांसाठी या डोंगरावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उत्तर शोधले गेले आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 ते 1907 या काळात नेरळपासून माथेरानपर्यंत दोन फुटी रुळांची आगगाडी बांधली; ती जेमतेम एका गाडीच्या रुंदीत, वळणे घेत, डोंगराचा कल सांभाळून चढते. 2005 च्या जलप्रलयात हा मार्ग वाहून गेला, 2019 च्या पावसाने पुन्हा उखडला, आणि नेरळपासूनची गाडी पूर्ववत व्हावयास 2022 उजाडले. ज्यांना आजीआजोबांची चिंता आहे त्यांनी अर्जफाटे करावयाचे ते या गाडीच्या फेऱ्या वाढाव्यात, तिच्या डब्यात चाकाची खुर्ची चढावी आणि पावसाळ्यानंतर दुरुस्ती वेळेवर व्हावी, यासाठी.

रोजगाराविषयीही थोडे. पर्यटक वाढले म्हणजे गाव सुखी होते, हे गृहीत धरून चालत नाही. मोटार दारात आली, की सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची गर्दी वाढते. दस्तुरीपासून बाजारापर्यंत घोडेवाले, हमाल आणि वाटेवर लिंबू-सरबत विकणाऱ्या बाया यांचे पोट ज्या सावकाश प्रवासावर चालते तो प्रवासच नाहीसा होतो. घोड्यांच्या लिदीची आणि धुळीची तक्रार रास्त आहे. पण तिचे परिमार्जन घोड्यांची संख्या, तबेले आणि झाडलोट यांच्या कडक नियमनाने करावे. त्यासाठी मोटार आणण्याचे प्रयोजन नाही. आणि सार्वजनिक भूमीवर मोटारीला मर्यादा घालणे हे काही जगावेगळे नाही. मोटारीचे माहेरघर म्हणावे अशा अमेरिकेतसुद्धा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1972 साली सरकारी जमिनींवर रस्ता सोडून धावणाऱ्या वाहनांसाठी खुले आणि निषिद्ध असे प्रदेश आखून देण्याचा हुकूम काढला. आणि 1977 साली कार्टर यांनी, जेथे माती, वनस्पती वा वन्यजीव यांची लक्षणीय हानी होत असेल तेथे वाहनांना तत्काळ बंदी करण्याचे बंधन त्यात घातले.

विद्युत रिक्षेला धूर नाही, मग तिच्या संख्येवर तरी मर्यादा कशाला, हा नवा प्रश्न आता हळूहळू पुढे येईल. मातीला दाबणारे चाक धुराने फिरते की विजेने, याचा मातीला काही फरक पडत नाही. म्हणून रिक्षांची संख्या माथेरानसाठी नेमलेल्या देखरेख समितीने ठरवून जाहीर करावी, परवाना हातरिक्षा ओढणाऱ्यालाच आणि त्यानंतर गावातील आदिवासी स्त्रियांना मिळावा, तो भाड्याने वा विकत दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, फरसबंदी दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याच्या पुढे आतल्या वाटांवर सरकू नये, आणि सकाळच्या फेऱ्यांत शाळेच्या मुलांना पर्यटकांच्या आधी जागा मिळावी. एवढे लेखी ठरले आणि त्याची अंमलबजावणी झाली, तर दस्तुरी नाक्यावरील मनाईविरुद्ध प्रामाणिक माणसाची म्हणण्यासारखी तक्रार उरणार नाही.