सही कुणाची?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये 1973 चा 'रो विरुद्ध वेड' निकाल फिरवला. गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. तिथले परंपरावादी लेखक खुशीत म्हणाले, निर्णय आता लोकांकडे, म्हणजे राज्यांच्या विधिमंडळांकडे परत आला. बाई या 'लोकां'त कुठे बसते, कोण जाणे!

लोणावळ्याच्या बैठकीत मी हे तावातावाने सांगत होते. मावळातली एक बाई म्हणाली, "ताई, आपल्याकडं तरी काय, नवऱ्याची सही आणल्याबिगर हात लावत न्हाईत."

खरं आहे. आपल्या 1971 च्या कायद्याला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. (शेवटचा शब्द डॉक्टरच्या मताचा, ते दुखणं वेगळंच.) तरी दवाखान्यात कागद नवऱ्यापुढे सरकवतात.

माझ्या वेळीही सरकवला होता. कायदा मला पाठ होता. मी गप्प बसले.