घिरट्या देशी, बॅटरी कुणाची?

नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेडने ‘नागास्त्र-1’ या ड्रोनची 120 नगांची पहिली खेप जून 2024 मध्ये लष्कराकडे सोपवली. एकूण मागणी 480 ची होती. बंगळूरुच्या झेडमोशन कंपनीच्या साथीने बनलेल्या या अस्त्रात 75 टक्क्यांहून अधिक भाग देशी असल्याचे सांगितले जाते. एरवी खाणींसाठी स्फोटके पुरवणाऱ्या विदर्भातील उद्योगसमूहाचे हे काम कौतुकाचेच. प्रश्न आहे तो उरलेल्या भागाचा.

नागास्त्रचे वजन सुमारे नऊ किलो. जवान ते पाठीवरून नेऊ शकतो. त्यातले स्फोटक किलोभराचे. क्षेपणास्त्र सुटले की सहसा सुटलेच; हे मात्र लक्ष्यावर अर्धा तास घिरट्या घालते, कॅमेऱ्यातून खालचे दृश्य पाठवते आणि चालकाने ठरवले तरच झेपावते. लक्ष्याशेजारी कुणी नागरिक दिसला, तर हल्ला रद्द करून ते पॅराशूटने उतरवता येते. जाहिरातीत अचूकतेचे आकडे ठळक असतात, पण खरी मोलाची सोय हीच.

आता अर्धाच तास का? कारण बॅटरी. किलोभर लिथियम-आयन बॅटरीत साधारण पाव युनिट वीज मावते. तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलमध्ये 12 युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. इंजिनात त्यातली बरीचशी वाया जाते, तरी तफावत प्रचंडच. पण इंजिन गोंगाट करते आणि तापते. विजेची मोटर जवळपास गुपचूप चालते, म्हणून दोनशे मीटरवरून फिरणारे हे यंत्र खालच्याला चटकन कळत नाही. लडाखसारख्या ठिकाणी मात्र थंडीने बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच बॅटरीवर ताण वाढतो.

म्हणजे या अस्त्राचा जीव सांगाड्यात नाही, तर बॅटरीचे सेल, मोटरमधले चुंबक आणि चिप यांत आहे. नेमक्या याच वस्तूंच्या जागतिक बाजारावर चीनचा वरचष्मा आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा आपल्या मोटार कारखानदारांची झोप उडाली होती. लष्करी ड्रोनमध्ये चिनी सुटे भाग नकोत, असा दंडक आपल्याकडे आहेच, आणि त्या कारणावरून शेकडो ड्रोनची कंत्राटे रद्दही झाली आहेत. पण बंदी घातल्याने सेल तयार होत नाहीत. त्यासाठी खनिज शुद्ध करण्यापासून चुंबक घडवण्यापर्यंतचे कारखाने लागतात, आणि ते उभे राहायला वर्षे जातात.

मे 2025 मधील ऑपरेशन सिंदूरमध्ये अशी घिरट्या घालणारी अस्त्रे वापरली गेली. युक्रेनच्या युद्धात तर दोन्ही बाजू ती दारूगोळ्यासारखी खर्च करत आहेत. तिथे 480 हा आकडा फार काळ पुरणारा नाही. पुन:पुन्हा, तेही ऐन युद्धात, पुरवठा व्हावा लागेल. म्हणून संरक्षण खात्याने देशी भागांची टक्केवारी किमतीवर मोजणे पुरेसे मानू नये. आयात थांबली तर कोणता भाग किती दिवसांत अडेल, याची यादी प्रत्येक पुरवठादाराकडून कंत्राटावर सही होण्याआधीच मागवावी.