तुंगारेश्वरच्या चढाआधी

दहावी झालेली आमची काही मुलं हिवाळ्यात सायकलने तुंगारेश्वर पार करायचं म्हणतात. सातिवलीकडून अभयारण्यात शिरायचं, कच्च्या रस्त्याने डोंगर चढायचा, पलीकडे पारोळला उतरून अंबाडीमार्गे भिवंडीत परत. बेत मला आवडला. आमच्या गावात सायकल म्हणजे लूमवर डबा पोहोचवायचं साधन, ती डोंगरावर न्यावीशी वाटते हेच खूप.

पण चर्चा सगळी गिअरची! माझ्या मते चढाला घाबरायचं कारण नाही. दम लागला तर उतरून सायकल ढकलता येते. धोका आहे तो भिवंडी ते चिंचोटी रस्त्यावर. गोदामांचे कंटेनर रात्रंदिवस धावतात, खड्डा चुकवायला जागा नसते. म्हणून फज्रनंतर सायकली टेम्पोत टाकून सातिवलीपर्यंत न्या, पारोळहून परत येतानाही तसंच. मुलं म्हणतात, "सर, ही तर चीटिंग झाली." होऊ द्या. अम्मी-अब्बू याच अटीवर हो म्हणतील. दोन मुलींनीही विचारलंय, त्यांची वाट तर याशिवाय उघडणारच नाही.

बाकी तयारी साधी: उतारासाठी ब्रेकची नवी रबरं, पंक्चरचं सामान, प्रत्येकी तीन लिटर पाणी. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल बिबट्याचं आहे. वन खात्याच्या चौकीवर आधी विचारायचं, एकट्याने पुढे जायचं नाही. अकरापर्यंत माथा आला नाही तर आल्या वाटेने मागे. ही वेळ आदल्या रात्रीच ठरवायची, कारण माथा समोर दिसत असताना मागे फिरायला कुणीच तयार होत नाही.